डोक्याला हात लागेपर्यंत

मी डोकी मोजते. वीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केल्यावर माणूस दुसरं काय करणार? दवाखान्यात गेले तरी आधी बाकावरची माणसं मोजते, मग माझा नंबर विचारते.

त्या दुपारी वहिनीने पोरांना घाईघाईने घरात घेतलं, मागचं दार लावलं, खिडक्या ओढून घेतल्या, आणि मी प्लास्टरमधला पाय स्टुलावर नीट ठेवता ठेवता सवयीने मोजायला लागले. सकाळी आठ होती. आता सात भरली.

"वहिनी, मोरीत कोण गेलंय?"

"कोणी नाही."

मी पुन्हा मोजलं, या खेपेला बोट दाखवून. सातच. मग डोकी सोडून चेहरे पाहिले. कुलूप नव्हतं.

कुलूप म्हणजे चार वर्षांचा एक मुलगा. त्याला चांगलं नाव होतं, पण पोर तोंडच उघडायचं नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्याची आई दुसऱ्या बाळंतपणासाठी तिच्या आईकडे गेली होती. बाप रंगारी. घरांच्या भिंती रंगवायचा. रोज सकाळी रंगाचे डाग पडलेल्या हातांनी पोराला आमच्याकडे सोडायचा आणि फाटकाशी घुटमळत म्हणायचा, "वहिनी, लक्ष ठेवा हं. सध्या मी एकटाच आहे त्याला." वहिनी म्हणायची, "तू निर्धास्त जा."

"कुलूप कुठाय?" मी विचारलं.

वहिनीने सातही पोरांवरून नजर फिरवली. मग मागचं दार उघडून बाहेर गेली.

पोरांत एक पाच वर्षांची मुलगी होती. तिला मी घोषणा म्हणायची, कारण ती कुठलीही गोष्ट एकदा सांगून थांबायची नाही. ती माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाली, "वहिनीने त्याला हात नाही लावला."

"गप गं जरा," मी म्हणाले.

इथे वहिनीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वहिनी हळू आहे. किती हळू, तर तिने दूध तापत ठेवलं की माझी आंघोळ होऊन केस वाळायचे, तरी बाई दुधापाशी उभीच. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा काचेच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पेले, दिव्यांच्या चिमण्या, औषधांच्या बाटल्या पेंढ्यात बसवून खोक्यात भरायच्या. तिथे घाई करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. तिचे हात तेव्हापासून तसेच झाले. वस्तूपाशी जातात, जरा थांबतात, आणि मग धरतात. माझा भाऊ तिला लाडाने कासव म्हणायचा. मीही म्हणायची, पण लाडाने नाही. यावरून आम्हा दोघींचं किती वाजलं असेल त्याला सुमार नाही. "घराला आग लागली तरी तू आधी चपला शोधशील," असं मी तिला एकदा तडकून बोलले होते. ती म्हणाली, "अनवाणी पळून पाय भाजून घेण्यापेक्षा बरं ना, वन्सं."

पुढे भाऊ गेला. कारखानाही बंद पडला. घरात नणंद-भावजय दोघीच उरलो. मी बसवर जायची आणि तिने आजूबाजूची पोरं सांभाळायला घेतली. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, म्हणून पोरंही वहिनीच म्हणतात. दूधपित्या पोरापासून सगळ्यांची वहिनी. पण इतकी वर्षं एका छपराखाली राहून ही बाई दिवसभर करते काय, हे मला कळलं ते या उन्हाळ्यात, बसच्या पायरीवरून पडून घोटा मोडला तेव्हा.

मला वाटायचं, दामटून झोपवत असेल पोरांना. पण ती त्यांना घरामागच्या बागेत नेऊन बसवायची. बाग म्हणजे फार काही नाही. एक लिंबाचं झाड, जास्वंदीची झुडपं, पाण्याचं पिंप, आणि भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली जुनी लोखंडी खाट. खाटेवर वेल चढून चढून आत एक गुहाच झाली होती. ती खाट भंगारात दे म्हणून मी दरवर्षी कटकट करायची. वहिनी म्हणायची, "आत बेडूक राहतो." भाडं देतो का तुझा बेडूक, असं मी विचारायची.

उन्हाळ्यात सगळीकडचं पाणी आटलं की या बागेत वर्दळ वाढायची. वहिनी उथळ थाळीत पाणी भरून ठेवायची आणि पोरांना सावलीत बसवायची. आता, आठ पोरं आणि एक खार या दोन गोष्टी एका जागी टिकत नाहीत, हे कोणीही सांगेल. म्हणून तिने विषामृताचा खेळ घेतला, त्यातली पळापळ काढून टाकली, विषही काढून टाकलं. ती हळूच म्हणायची, "दगड." की पोरं असतील तिथे दगड. हलायचं नाही, बोलायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. वहिनी जवळ येऊन डोक्यावर हात ठेवून "अमृत" म्हणेल तेव्हाच सुटका. डोक्यावरच. खांद्याला लागला तर चालत नाही. हे शेवटचं कलम पोरांनीच घातलं होतं आणि त्यात ती कोणाची गय करत नसत.

पहिल्या दिवशी मी हसले. मग दाराशी खुर्ची टाकून बघत बसले. खार आली. आधी भिंतीवर नुसती शेपटी दिसली, मग ती उतरून थेट एका पोराच्या गुडघ्याशी येऊन बसली. बुलबुलाच्या जोडीने थाळीत अशी काही आंघोळ केली की घोषणाच्या पायांवर पाणी उडालं, आणि जी पोरगी झोपेतही बडबडते ती ओठ घट्ट मिटून आनंदाने नुसती थरथरत राहिली. लिंबाच्या खोडावर एक सरडा कोणाशी तरी सहमत असल्यासारखी मान हलवत होता. प्लास्टरच्या आत माझा पाय खाजत होता, पण मी हलले नाही. मला फार मजा वाटली. हे मी वहिनीला सांगितलं नाही, उगाच चढेल म्हणून.

या खेळात कुलूप सगळ्यांचा बाप निघाला. बाकीच्यांना गप्प बसायला कष्ट पडायचे, त्याला ते येतच होतं. त्याची जागा ठरलेली, खाटेच्या गुहेत, बेडकासमोर. डोक्यावर बापाची कापडी टोपी, रंगाचे थेंब पडून पडून कडक झालेली, त्याच्या भुवयांपर्यंत यायची. एकदा बेडूक त्याच्या पावलावर चढून बसला. वहिनीने अमृत दिल्यावर तो पहिल्यांदा आपणहून बोलला, "त्याचं पोट गार आहे." संध्याकाळी मी हे रंगाऱ्याला सांगितलं, तर त्याने ते मला पुन्हा सांगायला लावलं.

त्या दुपारी खेळ रंगात आला होता आणि भिंतीपलीकडून आवाज आला. लांब कुठेतरी बस इंजिन चालू ठेवून उभी असावी, तसा. आवाज वाढत गेला आणि भिंतीवरून एक काळपट ढग आत आला. मधमाश्या. लिंबाभोवती त्या घुमायला लागल्या आणि त्यांच्या सावलीने अंगण सबंध हलल्यासारखं दिसायला लागलं.

"वहिनी, ऊठ! आत घे पोरांना! पळ, वहिनी, पळ!" मी ओरडले.

आणि जन्मात पहिल्यांदा वहिनी धावली. "अमृत, अमृत, चला, अमृत," करत डोक्यांवरून हात फिरवत तिने पोरांना दारात ढकललं. मी कुबडीवर लंगडत मागे सरले. दार लागलं. कोणाला एक माशी डसली नव्हती. मी तिला शाबास म्हणणार होते, आणि मोजलं तर सात.

वहिनी बाहेर गेली ते मी खिडकीच्या काचेतून बघत होते. माश्यांचा ढग दिसत नव्हता. आल्या तशा पुढे गेल्या असं मी धरून चालले. वहिनीने बागेच्या मधोमध उभं राहून हाका मारल्या. पिंपामागे पाहिलं. खाटेपाशी जाऊन घाईतच वाकून हाक मारली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत अंधार. तिला काही दिसलं नाही आणि ओ आली नाही. एरवी कुलूप म्हणजे हाक मारली की हातातलं टाकून येणारं पोर. आत असता तर आला असता, असं तिला वाटलं. मलाही वाटलं. त्याला चांगलं ओळखत होतो म्हणून आम्ही चुकलो.

मग ती घराला वळसा घालून पुढे गेली आणि तिचा आवाज आला, "वन्सं, फाटक उघडं आहे!"

थोड्या वेळापूर्वी गॅसवाला सिलिंडर देऊन गेला होता. फाटक सताड उघडं. माश्यांना घाबरून पोर तिकडून पळालं असणार, यात आता शंका उरली नाही. पुढे रस्ता. आणि रस्त्यापेक्षा वाईट म्हणजे शेजारी घराचं बांधकाम चाललेलं. तिथे जमिनीखालची पाण्याची टाकी तोंडापर्यंत भरलेली होती. झाकण बसायचं होतं, म्हणून तोंडावर फळ्या टाकल्या होत्या.

मी कुबडी घेऊन पुढच्या दारात आले. तिथून बांधकाम दिसतं. एक फळी सरकलेली होती.

"मुकादम!" मी हाक मारली. भर बाजारात बस थांबवणारा आवाज आहे माझा, पण तो नीट निघेना. "मुकादम, टाकीत बघा! पोर हरवलंय!"

मुकादम जेवणाचा डबा तसाच टाकून धावला. त्याने लांब बांबू आणून टाकीत घातला आणि हळूहळू फिरवायला लागला. बांबू कशाला तरी अडकला की तो थांबायचा. मग म्हणायचा, "वीट आहे," आणि पुन्हा फिरवायचा.

वहिनी रस्त्याच्या या टोकाला जाऊन आली, त्या टोकाला गेली. मी रंगाऱ्याला फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही.

तो सायकलवरून आला. सायकल उभी केली नाही, सोडून दिली, ती फाटकावर आपटली. त्याने माझ्याकडे बघितलं, मुकादमाच्या हातातला बांबू बघितला आणि सरळ जाऊन टाकीत उडी मारली.

पाणी त्याच्या छातीला लागत होतं. तो श्वास घेऊन खाली जायचा. वर यायचा तेव्हा आम्ही त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचो. हात रिकामे. पुन्हा खाली. पुन्हा रिकामे. अंगावरच्या ओल्या रंगाने पाणी पांढुरकं व्हायला लागलं, तसं त्यालाही काही दिसेना. तो पायांनी चाचपत टाकीभर फिरला, कोपऱ्यात गेला, आणि तिथे कितीतरी वेळ वाकून राहिला. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही. त्या वेळी घेतलं.

"नाही," तो वर येऊन म्हणाला. "इथे नाही."

मुकादमाने त्याला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात वहिनी रस्त्यावरून परत आली. घामाने निथळत होती आणि तिच्या पायात चपला नव्हत्या. त्या तापलेल्या डांबरावर ही बाई अनवाणी पळत होती. मला तिच्या पायांकडे बघवेना.

रंगारी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"निर्धास्त जा म्हणाला होतात ना, वहिनी?"

वहिनीची नजर त्याच्या ओल्या कपड्यांवरून टाकीकडे गेली.

"मी तिला काय सांगू? तिचे दिवस भरलेत. फोनवर पहिलं त्याचंच विचारते. काय सांगू मी तिला?"

"पोलिसांना कळवूया," मुकादम म्हणाला. "वेळ घालवण्यात अर्थ नाही."

आणि वहिनी आमच्या पुढच्या पायरीवर खाली बसली. नुसती बसली, हात मांडीवर ठेवून. माझं डोकंच फिरलं. सगळी भीती मी तिच्यावर काढली.

"बसतेस काय! ऊठ! एवढं झालं तरी तुझं आपलं तेच! जरा हातपाय हलव की बाई!"

घोषणा माझ्यामागून दारात आली होती. ती माझ्या कुबडीच्या बाजूने वाट काढून वहिनीपुढे गेली आणि म्हणाली, "तू त्याला हात नाही लावलास."

"पोरीला आत घ्या कोणीतरी," मुकादम म्हणाला.

"थांबा," वहिनी म्हणाली. तिने घोषणाचे दोन्ही दंड धरले. "काय म्हणालीस? सावकाश सांग."

"तू मला हात लावलास. याला लावलास, तिला लावलास. बाळाला पण लावलास, तो तर खेळत पण नव्हता. कुलपाला नाही लावलास. तो अजून दगड आहे."

वहिनी उठली. इतकी हळू, की उठता उठता ती काय काय आठवतेय ते मला दिसत होतं. ती घरातून मागच्या दाराकडे निघाली. आम्ही सगळे तिच्या मागे. पोरं बाहेरच्या खोलीत एकमेकांना चिकटून बसली होती. कोणी रडतही नव्हतं.

मागचं दार उघडल्यावर वहिनी उंबऱ्यातच थांबली. रंगारी तिला ओलांडून हाक मारणार होता, त्याचं तोंड उघडलंसुद्धा होतं. तिने त्याचं मनगट पकडलं आणि खाटेकडे बोट केलं.

वेलीच्या पानांमधून एक मधमाशी बाहेर आली. दुसरी आत गेली. मग आणखी दोघी-तिघी. आणि कान दिल्यावर मला तो आवाज ऐकू आला. बस गेलीच नव्हती. तिचं इंजिन मघापासून चालूच होतं, आमच्या आरडाओरड्याखाली.

"माझं पोर आहे तिथे," रंगारी घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि हात सोडवायला लागला.

"दगड," वहिनी म्हणाली.

"अहो, माझं पोर..."

"म्हणूनच. तू धावलास तर त्या उठतील. हलू नकोस. वन्सं, तुम्हीही. श्वाससुद्धा जपून घ्या."

एरवी मला कोणी असं बोललं असतं तर मी दोन सुनावल्या असत्या. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. रंगाऱ्याच्या कपड्यांतून पाणी पायरीवर ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बाकी ते इंजिन.

वहिनी निघाली.

तिच्या त्या चालीला मी आयुष्यभर नावं ठेवली. आता ती चाल बघत उभी होते आणि मला एकाच वेळी वाटत होतं, बाई गं, जरा लवकर, आणि बाई गं, अजून हळू. ती पाऊल टाकायची, थांबायची, आवाज वाढला का ते ऐकायची, मग पुढचं पाऊल. उन्हाने फरशीचे तुकडे तापलेले होते आणि तिचे पाय अनवाणीच होते. खाटेपाशी पोहोचल्यावर तिने वेलीचा पडदा दोन बोटांनी बाजूला केला, आणि मला आतलं दिसलं.

कुलूप गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. खाटेच्या लोखंडी दांडीपासून माश्यांचा एक घोस खाली लोंबत आला होता, आणि त्याचा खालचा सगळा भार पोराच्या टोपीवर टेकला होता. टोपीचा पांढरा रंग कुठेच दिसत नव्हता. सगळं तपकिरी आणि हलणारं. एका बाजूने माश्या त्याच्या कानापर्यंत उतरल्या होत्या. घामाच्या धारा गालांवरून हनुवटीपर्यंत आल्या होत्या. डोळे उघडे होते. पावलाशी बेडूक बसला होता, तोही हलत नव्हता.

आम्ही फाटकात किंचाळत होतो, बाप टाकीत बुडत होता, वहिनी त्याच्या नावाने हाका मारत होती, तेव्हा हे पोर इथे बसून सगळं ऐकत होतं. चुकून त्याने एकदा ओ दिली असती, मान वळवली असती, तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच दाबला.

माझ्या शेजारी रंगारी पायरीवर बसला. तोंडावर त्याने स्वतःचाच हात दाबून धरला होता.

वहिनी उकिडवी बसली. तिने पोराच्या पावलाला हात लावला.

"अमृत," ती म्हणाली. ओठ हलले म्हणून मला कळलं, इतकं हळू.

पोर हललं नाही. त्याने तिच्याकडे बघितलं आणि डोळे फक्त वर केले, आपल्या टोपीकडे. पुन्हा तिच्याकडे बघितलं. पायाला लागलेला हात चालत नाही. डोक्याला लागायला हवा.

नंतर मी तिला विचारलं, ओढून का नाही काढलंस त्याला? ती म्हणाली, "ओढलं असतं तर तो दचकला असता. टोपी हलली असती." पण मला वाटतं, तेवढंच नव्हतं. ज्याने एवढं पाळलं त्याच्याशी तिला खोटं खेळायचं नव्हतं.

तिने हात वर नेला. त्या माश्यांपासून वीतभर अंतरावर तो थांबला. मी हे हजार वेळा पाहिलंय, पेला उचलताना, पोराचं नाक पुसताना, आणि हजार वेळा वैतागलेय. हात थांबला, आणि मग खाली आला. एक माशी तिच्या बोटावर चढली. मग पुष्कळ. बोटं दिसेनाशी झाली, मग तळहात, मग मनगट. एक डसली असावी, कारण तिचा खांदा एकदम ताठ झाला. हात हलला नाही. तो टोपीवर टेकला.

"अमृत," वहिनी म्हणाली.

कुलपाने डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, आणि मान खाली घेऊन टोपीतून अलगद निसटला. वहिनीने टोपी होती तिथेच धरून ठेवली. तो तिच्या बाजूने रांगत वेलीबाहेर आला. पायांना मुंग्या आल्या असणार. उभं राहताना एकदा पडला, पुन्हा उठला, आणि फेंगडा चालत आमच्याकडे यायला लागला.

तो जवळ आला तरी आम्ही सगळे दगडच. रंगारी पायरीवर बसला होता तसाच होता. ओलाचिंब, दोन्ही हात अर्धवट पुढे केलेले, पण त्याला ते पुढे नेताच येत नव्हते. कदाचित पोराच्या कॉलरवरून चालणाऱ्या माशीमुळे, कदाचित दुसऱ्याच कशामुळे. ती माशी उडून गेली तरी तो हलला नाही. नुसता बघत होता.

कुलूप त्याच्यापुढे उभा राहिला. त्याने बापाच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, न हलणाऱ्या हातांकडे पाहिलं, आणि त्याला काय ते समजलं. तो टाचा उंचावून पुढे झुकला आणि बापाच्या डोक्यावर हात ठेवला.

"अमृत," तो म्हणाला.

तेव्हा कुठे रंगारी हलला. त्याने पोराला असं कवटाळलं की पोर पाण्याने आणि रंगाने बरबटून गेलं. तो मोठमोठ्याने रडत होता. मीही रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. मुकादम उगाचच भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"मी मघापासून सांगत होते," घोषणा म्हणाली. तिला कोणी गप्प बस म्हणालं नाही.

मी डोळे पुसून बागेकडे पाहिलं. वहिनी अजून खाटेपाशीच उकिडवी होती, हात टोपीवर तसाच. हातावरच्या माश्या एकेक करून टोपीवर परत चालल्या होत्या, आणि त्या सगळ्या उतरेपर्यंत ती थांबली होती. हात सुजायला लागला होता, ते मला दारातून दिसत होतं. फरशी भाजत असणार. मी तिच्या चपला शोधल्या, कुबडीच्या टोकाने ढकलत पायरीपर्यंत आणल्या आणि वाट बघत उभी राहिले.

लवकर आटप, असं मी तिला म्हणाले नाही.